बोर, उन्नाब, जूजूब : एका औषधी फळाचा प्रवास

ऑक्टोबरच्या अखेरीस हॅलोविनच्या पिशवीत जो खाऊ जमा होतो, त्यात दातांना चिकटणाऱ्या रंगीबेरंगी गोळ्या हमखास असतात. कॅनडात त्यांना सरसकट ‘जूजूब’ म्हणतात. साखर, ग्लुकोजचा पाक, स्टार्च किंवा जिलेटिन आणि रंग एवढाच त्यांचा ऐवज. इथे वाढलेल्या आपल्या मुलांना हा शब्द गोळ्यांमुळेच माहीत असतो. पण जूजूब हे मुळात एका फळाचं नाव आहे, आणि ते फळ आपल्या ओळखीचं आहे. ते म्हणजे बोर. आपण ज्याला बोर म्हणतो, त्याच्या सख्ख्या भावंडाचा अर्क घालून युरोपातले औषधविक्रेते खोकल्याच्या वड्या करत. पुढे वडीतून फळ गेलं आणि नाव तेवढं उरलं.

संक्रांतीच्या सुगडात बोर असतं, बोरन्हाणात ते बाळाच्या डोक्यावरून ओतलं जातं, तुळशीच्या लग्नात चिंच-आवळ्याबरोबर तुळशीपाशी ठेवलं जातं. ‘आपल्याकडे हे का करतात?’ असं मुलं विचारतात, तेव्हा ‘औषधी असतं’ एवढं बोलून आपण सुटका करून घेतो. पण औषधी म्हणजे नेमकं काय? कोणी, कधी, कशासाठी दिलं? आणि आज त्यातलं किती खरं मानायचं? या लेखात त्याचाच मागोवा घेतला आहे.

एक नाव, दोन फळं

आधी एक घोटाळा दूर करू. महाराष्ट्रात रानात, बांधावर वाढतं ते बोर म्हणजे झिझिफस मॉरिशियाना. हे शास्त्रीय नाव फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यांनी १७८९ साली मॉरिशस बेटावरून दिलं. पुढे एकोणिसाव्या शतकात त्याच मॉरिशसमध्ये कोकणातून मराठी मजूर गेले आणि त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. दुसरं फळ म्हणजे झिझिफस जुजुबा. हे थंड हवेतलं बोर चीन, कोरिया, इराण आणि भूमध्य समुद्राच्या काठावर वाढतं. हॅमिल्टन-टोरांटोच्या चिनी किंवा कोरियन दुकानांत ‘रेड डेट’ या नावाने तांबड्या, सुरकुतलेल्या फळांची जी पाकिटं मिळतात, ती याची. खजुराशी त्याचं काही नातं नाही.

दोन्ही एकाच कुळातली, पण गुणांनी हुबेहूब सारखी नाहीत. चिनी फळावर झालेला अभ्यास आपल्या बोराला जसाच्या तसा लावता येत नाही, आणि उलटही नाही. इंटरनेटवरच्या बोराच्या गुणगानात हा फरक बहुतेक वेळा विसरला जातो.

इनामगावपासून चरकापर्यंत

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती त्यात सापडली. धान्याच्या जळक्या दाण्यांबरोबर बोराच्या बियाही मिळाल्या. म्हणजे महाराष्ट्रातली माणसं किमान तीन हजार वर्षं बोरं खात आली आहेत. बलुचिस्तानातल्या मेहरगढला तर त्याहून कितीतरी जुने पुरावे आहेत.

बोराचा ‘उपचार’ म्हणून पहिला उल्लेख यजुर्वेदाच्या परंपरेत येतो. सौत्रामणी नावाचा यज्ञ आहे. सोम अति प्यायल्याने इंद्र आजारी पडला आणि त्याला बरं करण्यासाठी हा विधी झाला, अशी त्यामागची कथा. त्यात कुवल, कर्कंधू आणि बदर या तीन जातींच्या बोरांचं पीठ वापरायला सांगितलं आहे. तेव्हाही बोराच्या तीन जाती वेगळ्या ओळखल्या जात होत्या, हे इथे लक्षात घेण्यासारखं आहे.

चरकसंहितेत बोर थेट औषधाच्या कपाटात येतं. सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात औषधांचे ५० गण सांगितले आहेत, प्रत्येकात १० द्रव्यं. त्यांतल्या किमान सहा गणांत बोराला जागा आहे. पोट साफ करणाऱ्या औषधाला मदत करणारं, घाम आणायला मदत करणारं, उलटी थांबवणारं, थकवा घालवणारं आणि हृदयाला म्हणजे मनाला रुचणारं असे त्यांतले पाच गण. सहावा उचकी थांबवणाऱ्या औषधांचा, पण तिथे फळ नाही, बी सांगितलं आहे. उलटीसाठीही कुठलंही बोर नाही, आंबट बोरच हवं. झाडाचा कुठला भाग आणि कुठल्या चवीचा, इतका बारकावा त्या यादीत आहे.

सुश्रुतसंहितेत आणखी एक भेद आहे. कच्चं बोर पित्त आणि कफ वाढवतं. पिकलेलं गोड बोर वात-पित्त कमी करतं आणि पोट सैल करतं. वाळवून जुनं झालेलं बोर पचायला हलकं असतं, तहान भागवतं आणि थकवा घालवतं. ‘हिरवी बोरं खाऊ नका, घसा धरेल’ असं दटावणाऱ्या आज्या हाच भेद सांगत होत्या, ग्रंथ न वाचता. पाल्याचाही उपयोग होता. तापात अंगाची आग होत असेल, तर बोरीचा पाला घुसळून त्याचा फेस अंगाला लावावा, असं जुने वैद्यकग्रंथ सांगतात.

बोर वैद्यांच्या वजन-मापातही शिरलं. आयुर्वेदात ‘कोल’ नावाचं वजन आहे आणि कोल म्हणजे बोर. दोन कोलांचा एक कर्ष. आज औषधनिर्मितीत कर्ष १२ ग्रॅमचा धरतात, म्हणजे कोल सुमारे ६ ग्रॅम. ‘बोराएवढी गोळी कर’ असं आपण आजही म्हणतो. वजनाचा काटा घरात नसतानाही सगळ्यांना कळेल असं ते माप होतं.

देवगिरी आणि गोवा

हा वारसा महाराष्ट्राने नुसता सांभाळला नाही, त्यात भर घातली. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी हेमाद्री नावाचे मंत्री होते. हेमाडपंती देवळांमुळे आपण त्यांना हेमाडपंत म्हणून ओळखतो. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथावर त्यांनी ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. त्यांच्याच वर्तुळातले बोपदेव हे मोठे व्याकरणकार. त्यांचे वडील केशव वैद्य होते आणि द्रव्यांच्या गुणांवर त्यांनी ‘सिद्धमंत्र’ हा ग्रंथ रचला. कुठलं फळ कुठल्या दोषावर चालतं, ही चर्चा मराठी मुलखात राजदरबारी चालत होती.

तीनशे वर्षांनी गोव्यात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी भारतातल्या औषधी वनस्पतींवर संवादांच्या रूपात पुस्तक लिहिलं. ते १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात हे फळ आहे. गोव्याच्या बोलीत त्याला ‘बोर’ म्हणतात आणि दख्खनीत ‘बेर’, असं ओर्तांनी नोंदवलं आहे. बालेघाटातली, म्हणजे घाटावरची बोरं अधिक चवदार असतात, अशीही त्यांची नोंद आहे. देशावरची बोरं चांगली की कोकणातली, हा वाद निदान साडेचारशे वर्षं जुना आहे आणि ओर्तांनी कौल देशाच्या बाजूने दिला आहे. जळगावच्या मेहरुणची बोरं खाल्लेल्यांना त्यात नवल वाटणार नाही.

हकिमांचं उन्नाब, चिन्यांचं लाल बोर

दख्खनमध्ये वैद्यांच्या शेजारी हकीम होते. युनानी वैद्यकात वापरतात ते फळ म्हणजे उन्नाब, झिझिफस जुजुबाचं सुकं फळ. सर्दी-खोकल्यावरचा जोशांदा हा त्यांचा प्रसिद्ध काढा. त्यात उन्नाबाबरोबर भोकर, ज्येष्ठमध, बनफशा अशी द्रव्यं असतात. उन्नाबाचं सरबतही करतात. आपल्याकडच्या जुन्या काष्ठौषधींच्या दुकानांत उन्नाब मिळतं ते या परंपरेतून.

मात्र ज्या ग्रीक वैद्यकातून युनानी परंपरा निघाली, तिथे या फळाबद्दल एकमत नव्हतं. दुसऱ्या शतकातल्या गेलेनने स्पष्ट लिहून ठेवलं की आरोग्य राखायला किंवा रोग बरा करायला या फळाचा उपयोग झाल्याचं आपण सांगू शकत नाही. ते पचायला जड आहे. तरीही पुढच्या हकिमांनी अनुभवाच्या जोरावर ते वापरात ठेवलं. परंपरा म्हणजे सगळ्यांनी माना डोलावणं नव्हे. परंपरेच्या आतही शंका घेणारे होते.

चीनमध्ये या फळाचं महत्त्व आपल्यापेक्षाही मोठं आहे. ‘शेननोंग बेनत्साओ जिंग’ या प्राचीन औषधग्रंथात ते वरच्या श्रेणीच्या द्रव्यांत आहे, म्हणजे दीर्घकाळ घेतलं तरी अपाय न करणारं. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास झांग झोंगजिंग या वैद्याने सर्दी-तापावर एक काढा सांगितला. त्यात दालचिनीच्या कोवळ्या काड्या, पिओनीचं मूळ, आलं, ज्येष्ठमध आणि १२ लाल बोरं आहेत. पिओनी वगळली तर आपल्या घरच्या काढ्याचीच ही यादी वाटेल. झोप येत नसेल तर त्याच वैद्याने आंबट रानबोराच्या बियांचा काढा सांगितला आणि तो चिनी वैद्यकात आजही दिला जातो. कोरियन घरांत हिवाळ्यात याच फळाचा चहा करतात.

चरकाने बी उचकीसाठी सांगितलं, झांगने झोपेसाठी. फळ जवळपास एकच, पण वाचन वेगळं. हॅमिल्टनमध्ये आपले शेजारी चीन, कोरिया, इराण, सीरिया, इराक अशा देशांतून आले आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या आजीनेही खोकल्यावर हेच फळ उकळलं असेल. पुढच्या वेळी सहकाऱ्याशी बोलायला विषय हवा असेल, तर हा चांगला आहे.

वडीतून फळ कसं गेलं

रोममध्ये हे झाड सीरियातून आलं. सम्राट ऑगस्टसच्या अखेरच्या वर्षांत सेक्स्टस पापिनियस या माणसाने ते आणलं, असं प्लिनी लिहितो. ग्रीक ‘झिझिफॉन’चं लॅटिन ‘जुजुबा’ झालं, फ्रेंचांनी त्याचं ‘जूजूब’ केलं. फ्रान्समध्ये खजूर, अंजीर, मनुका आणि जूजूब ही छातीच्या विकारांवरची चार फळं मानली जात. जूजूबचा काढा, डिंक आणि साखर आटवून वड्या करत आणि खोकल्याला त्या चघळायला देत. डिंकामुळे घशाला आराम पडे, साखरेमुळे मुलं आवडीने खात. फळ महाग आणि काढा करण्याचं काम वेळखाऊ, म्हणून एकोणिसाव्या शतकात कारखानदारांनी हळूहळू फळ वगळलं. औषधाची मिठाई झाली. आज हॅलोविनच्या पिशवीत येते ती तीच वडी, फळाविना.

मुंबईची नोंदवही

त्याच एकोणिसाव्या शतकात मुंबईत उलट काम सुरू झालं होतं. बाजारातल्या देशी औषधांची नीट यादी करावी, ओळख पक्की करावी, असं काही डॉक्टरांना वाटलं. त्यांत पुढे होते ग्रँट मेडिकल कॉलेजचे डॉ. सखाराम अर्जुन. १८७९ साली त्यांनी मुंबईच्या औषधद्रव्यांची सूची प्रसिद्ध केली. भारतातल्या पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी एक असलेल्या डॉ. रखमाबाईंचे ते सावत्र वडील. पाठोपाठ विल्यम डिमॉक यांनी पश्चिम भारतातल्या औषधी वनस्पतींवर मोठं काम केलं.

दुसरीकडे शंकर दाजीशास्त्री पदे यांनी सामान्य मराठी वाचकांसाठी वनौषधींवर लिहिलं आणि १९०७ साली नाशिकला आयुर्वेदाच्या महासंमेलनाचा पाया घातला. एकीकडे प्रयोगशाळेची भाषा, दुसरीकडे परंपरेचा अभिमान. परक्या सत्तेखाली आपलं वैद्यक टिकवायचं तर ते लिहून ठेवायला हवं, हे मात्र दोघांनाही पटलं होतं. आपल्या हातात आज जी माहिती आहे, ती या लोकांच्या कष्टांमुळे.

बाळाच्या डोक्यावरची बोरं

ग्रंथांच्या बाहेर बोर टिकलं ते बायकांच्या हातांनी. भोगीच्या मिसळभाजीत गाजर, वालपापडी, हरभऱ्याबरोबर बोर पडतं. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत लहान बाळाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण करतात. बोरं, उसाचे करवे, हरभरे, शेंगा, चुरमुरे डोक्यावरून ओततात आणि आजूबाजूची मुलं ती लुटतात. त्यामागे ऋतू बदलताना मुलांना बाधू नये, ही भावना. वर्षातल्या त्या दिवसांत शेतात जे ताजं असतं, ते मुलांच्या पोटात खेळता खेळता जावं, अशी ही युक्ती आहे. ताज्या बोरात क जीवनसत्त्व भरपूर असतं, हे पुढे प्रयोगशाळेने सांगितलं. शंभर ग्रॅम ताज्या जूजूबमध्ये ते सुमारे ६९ मिलिग्रॅम भरतं, संत्र्यात सुमारे ५३. वाळवल्यावर मात्र त्यातलं बरंच उडून जातं. म्हणून शाळेबाहेरचं बोरकूट कितीही प्रिय असलं, तरी ते क जीवनसत्त्वासाठी खाऊ नये, चवीसाठी खावं.

इथे जानेवारीत बाहेर बर्फ असतं. दिवाणखान्यात चादर अंथरून आपण बोरन्हाण करतो आणि बोरांच्या जागी चॉकलेटं, कधी कधी जूजूबच ओततो. त्यात कमीपणा काही नाही. विशेष म्हणजे नावाने का होईना, बोरच पडतं. खरी बोरं मिळाली तर एक काळजी घ्यावी. आठळी टणक आणि गोल असते, चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकू शकते. ती फळं मोठ्यांनी उचलावीत आणि मुलांना आठळी काढून फोडी द्याव्यात.

हॅमिल्टनचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे. यातलं किती खरं मानायचं? हा प्रश्न हॅमिल्टनमध्ये विचारणं विशेष शोभतं, कारण तो नीट विचारायची पद्धत याच गावात घडली. डेव्हिड सॅकेट १९६७ साली मॅकमास्टर विद्यापीठात आले आणि त्यांनी रोगी व उपचार यांचा संख्याशास्त्राने अभ्यास करणारा विभाग उभा केला. त्याच विद्यापीठातल्या गॉर्डन गायट यांनी १९९१ साली ‘पुराव्यावर आधारित वैद्यक’ ही संज्ञा छापील रूपात आणली. आज जगभरचे डॉक्टर ती वापरतात. उपचार जुना आहे, मोठ्या माणसाने सांगितला आहे, एवढं पुरत नाही. ज्यांना दिला आणि ज्यांना नाही, त्यांच्यात काय फरक पडला ते मोजा, एवढंच तिचं सांगणं.

काहींना हे परंपरेवरचं आक्रमण वाटतं. पण चरकाने स्वतः ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत: आप्तांचं वचन, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. आप्तवचन त्यांतलं एक आहे, एकमेव नाही. तपासून पाहणं आपल्याला परकं नव्हतं.

तपासल्यावर काय दिसतं? बद्धकोष्ठावर झिझिफस जुजुबाच्या अर्काची एक छोटी चाचणी इस्रायलमध्ये झाली आणि २००८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात अर्क घेणाऱ्यांना फायदा दिसला. पोट साफ करायला मदत करणाऱ्या चरकाच्या गणाशी हे जुळतं, पण एका छोट्या चाचणीवर निकाल देता येत नाही. रानबोराच्या बियांतल्या जुजुबोसाइड या द्रव्यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत शामक परिणाम दाखवला आहे. माणसांवरचे अभ्यास लहान आहेत. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब बरे करण्याचे जे दावे फॉरवर्ड होऊन आपल्या फोनवर येतात, त्यांना आधार नाही. सुक्या लाल बोरांत साखर भरपूर असते, त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी तर हात राखूनच खावीत.

म्हणून व्यवहारात एवढं पुरे. फळ म्हणून बोर खावं, चहात घालावं, मुलांना चव कळू द्यावी. गोळी, चूर्ण किंवा अर्क घ्यायचा असेल, तर पाकिटावर एनपीएन हा आठ आकडी क्रमांक आहे का ते पाहावं. कॅनडात २००४ पासून अशा नैसर्गिक औषधांना परवाना लागतो. झोपेची किंवा इतर औषधं चालू असतील, गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला सांगावं. घरचे आई-वडील भारतातून चूर्णं घेऊन येतात आणि इथल्या डॉक्टरांपुढे त्याबद्दल गप्प राहतात, हे आपल्या समाजात सर्रास घडतं. मुलांनी त्यांना न हसता विचारावं आणि मोठ्यांनी न लाजता सांगावं. लपवलेल्या औषधाचा त्रास झाला, तर कारण शोधणं अवघड होतं. आणि विमानातून ताजी बोरं किंवा बिया आणायच्या असतील, तर त्या सीमेवर जाहीर कराव्या लागतात.

आपलं रानबोर इथल्या थंडीत जगणार नाही. झिझिफस जुजुबा मात्र कडाक्याची थंडी सोसतं आणि दक्षिण ओंटारियोत काही हौशी लोक ते लावतात. परसात जागा आणि भरपूर ऊन असेल, तर करून पाहायला हरकत नाही. झाडाला काटे असतात, हे मुलांना आधी सांगून ठेवावं.

दिवाळी झाली की तुळशीचं लग्न येईल. त्या दिवशी तुळशीपाशी लाल बोरांची चार फळं ठेवली आणि मुलांनी ‘हे का?’ असं विचारलं, तर आता ‘औषधी असतं’ एवढ्यावर थांबायची गरज नाही. इनामगावच्या शेतकऱ्यापासून मॅकमास्टरपर्यंतची हकीकत सांगता येईल. ऐकून झाल्यावर मुलं आणखी प्रश्न विचारतील. विचारू द्यावेत.